शुक्रवारी सहापर्यंत तोंड बंद

१

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास हर्षला खालापूरच्या तहसील कचेरीबाहेरच्या पत्र्याच्या शेडखाली येऊन उभी राहिली, तेव्हा तिचं तोंड बघून वनिताबाईंना वाटलं, भावाच्या घरात कुणीतरी गेलं.

"आत्या, एका कागदावर सही करायला सांगतायत," ती म्हणाली. "आज पाचपर्यंत. केली तर मी खोटारडी. नाही केली तर ते तक्रार करून माझं चॅनेल बंद पाडणार."

"बस आधी. पाणी पी," वनिताबाई म्हणाल्या, पण स्वतः उभ्याच राहिल्या. बावीस वर्षं या शेडखाली त्या लोकांची खरेदीखतं आणि प्रतिज्ञापत्रं लिहीत होत्या, तरी त्यांची खुर्ची अजून नवीकोरी होती. एका जागी बसलं की त्यांच्या पायांना मुंग्या यायच्या. समोर सोनुबाई नावाची म्हातारी हक्कसोडपत्रासाठी मुद्रांक घेऊन आली होती. वनिताबाईंनी तो सवयीनं आधी उलटा केला, मागचा विक्रेत्याचा शिक्का वाचला, मग सुलटा केला. "माणूस पुढून बघावा, मुद्रांक मागून," असं त्या नेहमी म्हणत. सोनुबाईला दुपारनंतर यायला सांगून त्या भाचीकडं वळल्या.

हर्षला कर्जतजवळच्या भिसेगावात राहायची आणि व्हिडिओ गेमची परीक्षणं मराठीतून करायची. साठ हजार लोक तिचं ऐकत, कारण ती चांगल्याला चांगलं आणि भिकाराला भिकार म्हणायची. गेम बाजारात येण्याआधी कंपन्या अशा परीक्षकांना एक प्रत फुकट देतात आणि सोबत करार करून घेतात, की अमुक दिवसापर्यंत तोंड उघडायचं नाही.

'ओंजळ गेम्स' नावाच्या पुण्याच्या कंपनीनं आपला 'सात खाचरं' हा नवा गेम असाच तीस जणांना दिला होता. बंदी होती येत्या शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत.

"चौथ्या भागात भाताची लावणी आहे," हर्षला सांगू लागली. "ती करताना माझी पाठ बांधाला लागली, आणि चित्र थिजलं. परत सुरू केला तर साठवलेला सगळा खेळ पुसलेला. नऊ तासांची मेहनत! मी लगेच कंपनीला मेल केला. तिथल्या बाई म्हणाल्या, बाकी एकोणतीस जणांपैकी कुणाला हे दिसलं नाही. आणि सोमवारी सकाळी हे आलं."

तिनं मोबाइल पुढं केला. कुणा निनावी खात्यावरचा दोन मिनिटांचा व्हिडिओ होता. आवाज नव्हता. एक माणूस खाचरात रोपं लावत पुढं पुढं चालला होता. ओळ संपल्यावर तो वळला, बांधाला पाठ टेकवली आणि चित्र थिजलं. कोपऱ्यात फिकट अक्षरांत आकडा होता, सतरा.

"सतरा नंबरची प्रत माझी," हर्षला म्हणाली. "कंपनी म्हणते, तूच बंदी मोडलीस, आणि दोषसुद्धा युक्तीनं बनवलास. मी खोटं बोलले असं आता मीच लिहून द्यायचं. आत्या, लोक माझ्याकडं येतात ते मी खोटं बोलत नाही म्हणून. तेच गेलं तर माझ्याकडं राहिलं काय?"

वनिताबाईंनी व्हिडिओ पुन्हा पाहिला. मग तिसऱ्यांदा. त्यांना गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण या दोन मिनिटांत काहीतरी साफ चुकलेलं होतं. दातात अडकलेल्या सुपारीसारखं ते टोचत होतं आणि निघत नव्हतं.

२

"करार आणलायस?"

अकरा पानांचा होता. वनिताबाईंनी तो शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत वाचला. असला दस्त त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. चौथ्या भागाविषयी बोलायचं नाही. तिसऱ्या भागानंतर पडद्याचं चित्रण करायचं नाही. दोष दिसला तर तो फक्त कंपनीला कळवायचा. असा करार झालाय, हेसुद्धा कुणाला सांगायचं नाही.

"म्हंजी ह्यांनी फुकट खायाला घातलं आणि तोंड शिवलं," त्या म्हणाल्या. "तू चित्रण केलंवतंस?"

"नाही ना! केलं असतं तर आज पुरावा असता. करारात नाही म्हटलंय म्हणून नाही केलं."

"शाबास. सरळ माणसाची हीच गत." वनिताबाईंनी सातव्या पानावर बोट ठेवलं. "आणि हे काय? 'ही प्रत नोंदवलेल्या एकाच यंत्रावर चालेल.'"

"माझ्या घरच्या कंप्युटरवर. दुसरीकडं उघडतच नाही."

वनिताबाईंनी कंपनीच्या बाईंना फोन लावायला सांगितलं. तिचं नाव भाविका. परीक्षकांशी बोलण्याचं काम तिचं. आवाज गोड आणि भाषा एकदम पुस्तकी होती.

"हर्षला मॅडमना त्रास व्हावा अशी आमची इच्छा नाही. मी चारच्या सुमारास कागद घेऊन खालापूरला येईन आणि पाच वाजता पुण्याला परत निघेन, तोपर्यंत सही झाली तर विषय संपला. शिवाय त्या तोंड उघडणार, हे आम्हाला तुमच्याच घरातून कळलं होतं."

"आमच्या घरातून? कोनी सांगलं?"

"नाय... म्हणजे, नाही, ते मी सांगू शकत नाही." फोन बंद झाला.

वनिताबाई फोनकडं बघत राहिल्या. पुण्याची पोरगी गडबडली की 'नाय' म्हणते? पण ते नंतर. आधी घरभेदी कोण ते बघायला हवं होतं.

"गुरवारी रात्री खेळ पुसला गेला. सोमवारी सकाळी चित्र आलं. मधले तीन दिवस तुमी कुठं होतात?"

"सगळे कशेळ्याच्या शेतावर. लावणीला. रूपेशदादानंसुद्धा रजा काढली होती. भिसेगावचं घर बंद होतं." हर्षला थांबली. "बंद म्हणजे... चावी देवेशकडं होती. माशांना खायला घालायला."

३

देवेश हर्षलाचे व्हिडिओ कापून जोडून द्यायचा. दोन वर्षांपूर्वी ठाण्याहून कर्जतला राहायला आलेला. त्याचं स्वतःचंही एक चॅनेल होतं आणि 'ओंजळ'नं त्याला प्रत नाकारली होती. एवढं कळल्यावर वनिताबाईंचा पाय शेडखाली ठरेना. भाचीच्या स्कूटरवर मागं बसून त्या भिसेगावला निघाल्या.

वाटेत एका वळणावर त्या एकदम ओरडल्या, "थांब गं!"

हर्षलानं करकचून ब्रेक दाबला. रस्त्यालगतच्या खाचरात सात-आठ बाया लावणी करत होत्या. वाकलेल्या, हातात रोपांच्या मुठी, आणि पावलं मागं मागं सरकत चाललेली. समोर हिरवी ओळ वाढत होती आणि बाया तिच्यापासून दूर जात होत्या.

"बघितलंस?"

"काय बघायचं? लावतायत."

"कशा लावतायत?"

"कशा म्हणजे? मागं मागं..." हर्षलाचा आवाज तिथंच अडला.

"पुढं गेलं तर आपलीच लावलेली रोपं आपल्याच पायाखाली जात्यात. शेतकऱ्याचं पोरसुद्धा पुढं नाय चालत. तू गेममदी कशी लावलीस?"

"मागं मागं. हात आपोआप तसाच गेला. गेममध्ये पुढं चाललं तरी रोपं मोडत नाहीत, पण माझ्या ते डोक्यातच आलं नाही. म्हणून तर पाठ बांधाला लागली." तिचे डोळे मोठे झाले. "म्हणून बाकी एकोणतीस जणांना दोष दिसला नाही! ते सगळे पुढं चालले असणार."

"आणि ह्या चित्रातला माणूस पुढं पुढं जातो, आणि शेवटी मुद्दाम वळून पाठ टेकवतो. म्हंजी दोष कुठं हाय ते त्याला ठावं हाय, पण लावणी ठावं नाय. तू नव्हंस. रूपेश नव्हं. तू दोषाचं देवेशला सांगलंवतंस?"

हर्षलानं मान हलवली. सांगितलं होतं. आणि देवेशनं जन्मात चिखलात पाय घातला नव्हता.

देवेश दारातच भेटला. वनिताबाईंनी नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, "घर बंद असताना ह्या कंप्युटरला हात कोनी लावला?"

तो पांढराफटक पडला. "काकू, मी... मी खेळलो. चार तास. मला प्रत दिली नाही म्हणून जीव जळत होता. हर्षला, सॉरी. पण तो व्हिडिओ माझा नाही, शपथ!"

"विश्वास ठेवला होता रे तुझ्यावर," हर्षला म्हणाली आणि तिनं तोंड फिरवलं.

"शपथ नगं. कंप्युटर उघड," वनिताबाई म्हणाल्या.

हर्षलानं गेम सुरू केला. पडद्यावर आलं, 'भाग दुसरा. या प्रतीवरचा एकूण खेळ: तेरा तास.'

वनिताबाईंनी बोटांवर मोजलं. हर्षलाचे नऊ, देवेशचे चार. चौथ्या भागातल्या लावणीपर्यंत पोचायलाच नऊ तास लागतात, आणि तिथं दोष लागला की सगळं पुसलं जातं. गुरुवारनंतर ही प्रत पुन्हा खाचरापर्यंत पोचलीच नव्हती. देवेशचं पाप त्याच्याच कामी आलं होतं.

"मग सतरा नंबरच्या प्रतीवरचं हे चित्र आलं कुठून?" हर्षलानं विचारलं.

वनिताबाई उत्तर द्यायला गेल्या तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. हर्षलाचा भाऊ रूपेश होता. रसायनीच्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून तो खालापूरला शेडपाशी येत होता.

"आत्या, हर्षलाला काय बोलू नको," तो म्हणाला. "कंपनीला फोन मीच केलावता."

४

साडेतीनला त्या दोघी शेडखाली पोचल्या तेव्हा रूपेश मान खाली घालून उभा होता. हर्षलापेक्षा सहा वर्षांनी मोठा, आणि बहिणीनं गेम सोडून नोकरी धरावी म्हणून कायम कुरकुरणारा. कारखान्याच्या ऑफिसात त्यानं तिच्यासाठी शब्दही टाकला होता.

"तुला चॅनेल बंद पाडायचंच होतं ना, दादा?"

"नाय गं! गुरवारी रात्री तू रडत बसलीस. नऊ तास गेले म्हणून जेवलीपन नाय. माझं टाळकं फिरलं. तुझ्या मेलमदला नंबर घेतला आणि झाप झाप झापलं त्यांना. बोललो, शुक्रवारी सा वाजले की माझी बहीन सगळ्या जगाला सांगनार हाय तुमचा गेम कसा हाय तो." त्यानं नाक पुसलं. "तिथंच घात झाला."

हर्षला त्याच्या बाहीला धरून उभी राहिली.

वनिताबाईंच्या येरझारा मात्र वाढल्या. गुरुवारी रात्री कंपनीला कळलं की ही पोरगी बंदी उठताच बोलणार. बंदी उठल्यावर तिचं तोंड धरता येणार नव्हतं. मग एकच वाट उरते, तिच्या बोलण्यावर कुणी विश्वासच ठेवू नये अशी तजवीज आधीच करून ठेवायची. कळलं सगळं, दाखवायचं कसं? घड्याळात चार वाजून गेले.

सव्वाचारला पांढरी गाडी थांबली. भाविका उतरली. पंचविशीची, नीटनेटकी, एका हातात लॅपटॉप आणि दुसऱ्यात प्लॅस्टिकच्या पाकिटातला मुद्रांक. शेडपुढच्या चिखलातून ती जराही न अडखळता, अंगठे रोवत आली. ते वनिताबाईंनी पाहून ठेवलं.

"सही कुठं करायची ते मी खूण करून ठेवलंय," ती म्हणाली.

"करंल की. पोरगी खोटी असंल तर मीच तिचा हात धरून करवीन. पन तुमच्या गेममदी दोष नाय ना? मग ती लावणी एकदा तुमच्या हातानं दाखवा. बिनदोष पार पडली की झाली सही."

भाविकानं हर्षलाकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं. "ठीक आहे. ऑफिसच्या लॅपटॉपवर कुठलाही भाग थेट उघडतो." गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसून तिनं चौथा भाग काढला. पडद्यावर पाण्यानं भरलेलं खाचर आलं. तिची बोटं सावध होती. माणूस पुढं पुढं रोपं लावत चालला.

वनिताबाई तिच्या खुर्चीमागं येऊन उभ्या राहिल्या.

"ह्या बाजूला यंदा पानी चांगलं झालं," वनिताबाई सहज बोलाव्या तशा म्हणाल्या. "चौक गावच्या अंगाला लावण्या उरकल्या म्हनं."

"नाय, सगळ्या नाय उरकल्या," भाविका पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "वरची उरकली. खालच्या खाचरात पानी लय हाय."

"तुमचं खालचं का?"

"हां. आई एकटीच हाय. बाया मिळत नाय. कंबर धरलीय तिची, पन ऐकंल तर..."

"मुठी कोन टाकतं मग तिला?"

"चुलती टाकते. नायतर तीच एक मूठ लावायची, मग बांधावर जायाचं, दुसरी आनायची..."

पडद्यावरच्या माणसाची पावलं कधीची फिरली होती. ओळ समोर वाढत होती आणि तो मागं मागं सरकत होता. मागं, मागं, आणि त्याची पाठ बांधाला लागली.

चित्र थिजलं. मग काळ्या पडद्यावर अक्षरं आली, 'साठवलेला खेळ सापडला नाही.'

५

भाविकानं हात उचलले, आणि ते दुसऱ्याचे असावेत तसे त्यांच्याकडं बघत राहिली.

"हा... हा अपघात आहे," ती पुन्हा पुस्तकी झाली. "दोष असला तरी गळती हर्षला मॅडमनीच केली. नंबर सतरा आहे."

"नंबर तुमीच देता, तुमीच छापता," वनिताबाई म्हणाल्या. "ऐक आता. चित्रातला लावणारा पुढं चालतो. माझी भाची तसं चालनार नाय, आत्ता बोलन्याच्या नादात तूपन चालली नायस. तिची प्रत एकाच यंत्रावर चालते, हे तुमच्याच कराराचं सातवं पान. त्या यंत्रावर गुरवारनंतर कुनी दुसऱ्या भागाच्या पुढं गेलं नाय, हे तुमचाच गेम सांगतो. कुठलाबी भाग थेट उघडतो तो फकस्त तुमच्या हापिसात. आता तो मुद्रांक दे इकडं."

"त्याचं काय?"

वनिताबाईंनी पाकिटातून कागद काढला. पुढची बाजू वाचलीही नाही. सवयीनं उलटा केला आणि टेबलावर ठेवला.

पनवेलच्या विक्रेत्याचा शिक्का होता. दस्ताचा प्रकार, कबुलीजबाब. दुसरा पक्षकार, हर्षला. विक्रीची तारीख, अठरा जुलै.

"अठरा म्हंजी शुक्रवार," वनिताबाई हळू म्हणाल्या. "गुन्हा झाला सोमवारी, एकवीसला. शनवार-रविवार विक्रेत्याचं दुकान बंद, म्हनून घाईघाईनं आधीच घेऊन ठेवलात. गुन्ह्याच्या तीन दिवस आधी कबुलीचा कागद! बावीस वर्षांत असा गुन्हेगार मी बघितला नाय."

रूपेशनं टेबलावर मूठ आपटली. वनिताबाईंनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

भाविकानं ओढणीचं टोक तोंडाला लावलं.

"तो दोष पयला मलाच सापडला," ती म्हणाली. "मे महिन्यात. साहेबांना सांगितलं, आमच्याकडं सगळे मागं मागंच लावतात. ते हसले. बोलले, गेम घेणारे शेतकरी थोडेच असणार? मग हर्षलाचा मेल आला आणि तुमच्या दादांचा फोन. साहेबांनी आपल्या टेबलावर बसून तो व्हिडिओ केला. कागद मला आणायला लावला. मी चौकची आहे हे ऑफिसात कुणाला माहीत नाही, आत्या. पुण्याचीच सांगते मी. तीस परीक्षकांची तोंडं बंद केली आणि सगळ्यात आधी माझंच झालं."

"यंदा आईबरोबर किती ओळी लावल्यास?" वनिताबाईंनी विचारलं.

"एकपन नाय."

हर्षला पुढं आली. तिचा राग दुपारपासून साठलेला होता, पण आवाज तिच्या स्वतःलाही अनोळखी वाटावा इतका मऊ निघाला. "तुमच्या हातानं आत्ता खरं सांगितलंय. आता तेवढं लिहून द्या."

भाविकानं मुद्रांक सुलटा केला, हर्षलाच्या नावाच्या कबुलीवर तिरकी रेघ मारली आणि खालच्या कोऱ्या जागेत लिहायला पेन टेकवलं.

"थांब गं बाय!" वनिताबाई ओरडल्या. "असला खाडाखोडीचा कागद कोर्टात उभा नाय राहायचा. त्याचा शिक्का आमचा पुरावा हाय, तो तसाच राहू दे. तुजं निवेदन कोऱ्या कागदावर घेऊ. सांग, मी लिहिते."

आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या टेबलामागच्या खुर्चीवर बसल्या. पाच वाजले तेव्हा तिसरं पान चाललं होतं. सोनुबाई हक्कसोडपत्रासाठी परत आली होती, तिलाही थांबावं लागलं.

शुक्रवारी संध्याकाळी सहाला एक मिनिट कमी असताना हर्षला कॅमेऱ्यापुढं बसली होती. मुद्रांकाच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि भाविकाचं निवेदन बुधवारी रात्रीच कंपनीला पोचलं होतं. गुरुवारी सकाळी निनावी खात्यावरचा व्हिडिओ गायब झाला आणि सहीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. देवेश कोपऱ्यात अवघडून उभा होता. त्याला अजून पुरती माफी मिळाली नव्हती. रूपेश दाराशी होता. घड्याळात सहा वाजले.

"नमस्कार," हर्षला म्हणाली. "गेम देखणा आहे. पण तुम्ही भात लावणाऱ्या घरातले असाल, तर अजून घेऊ नका. का, ते सांगते."

तिनं सगळं सांगितलं. अकरा पानांचा करारही पान पान उलटून दाखवला.

त्याच वेळी वनिताबाईंनी चौकला फोन लावला. भाविकाच्या चुलतीनं तो उचलला, बांधावरून.

"भाविका खाचरात हाय," ती म्हणाली. "मगाधरनं तिच्या साहेबाचापन फोन वाजतोय. देऊ का?"

"नगं," वनिताबाई म्हणाल्या. "ओळ पुरी होऊ दे तिची."